हुपाजीचं काळीज

एका जंगलात एक वानर होता आणि त्याला काम होतं. हसू नका. शेपूट सगळ्याच वानरांना असतं, काम एखाद्यालाच असतं.

त्याचं नाव हुपाजी. रानाच्या मधोमध एक जुना ऐनाचा वृक्ष होता. सकाळ झाली की हुपाजीने त्याच्या शेंड्याला जाऊन बसायचं आणि चहूकडे बघायचं. बिबट्या दिसला की खोकल्यासारखं ओरडायचं, खक्, खक्. ते ऐकलं की खालच्यांनी पळायचं. एवढंच काम. पण सगळ्या रानाचा जीव त्या एका घशावर होता.

हुपाजीच्या आईनेही हेच काम केलं होतं. मरताना तिने त्याला जवळ घेऊन एकच गोष्ट सांगितली होती. "डोळ्याची चूक होते रे हुपा, काळजाची होत नाही. काळीज उडालं की आधी ओरडावं, मग बघावं."

चांगला उपदेश होता बाळांनो. त्याने तिचे दहा-बारा पावसाळे निभावले होते. उपदेश चांगला असला की माणूस तो तपासून बघत नाही. वानरही बघत नाही.

आता बिबट्याचं सांगते. बिबट्या त्या रानात होता, पण वाळलेला होता. तो निघाला की हुपाजी ओरडायचा, सगळे पळायचे, आणि बिबट्या धापा टाकत ओढ्याकाठी जाऊन बेडूक खायचा. बेडकांवर बिबट्याचं पोट भरत नाही. त्याच्या फासळ्या मोजून घ्याव्यात अशा दिसायच्या.

सगळं असं बरं चाललं होतं. म्हणजे बिबट्या सोडून सगळ्यांचं.

रानाच्या खालच्या अंगाला, ओढ्याजवळ, माणसांनी टाकून दिलेलं एक पोफळीचं आगर होतं. माणसं गेली, पोफळी राहिल्या. पिवळी-तांबडी फळं पिकून खाली पडायची. ती सोलून आतली सुपारी फोडणं हे येरागबाळ्याचं काम नव्हे. पण रानात साळोजी नावाचा साळिंदर होता. त्याचे दात म्हणजे देवाने दिलेला अडकित्ता. कट् म्हणता दोन खांडं.

हा साळोजी रानाचा वैद्यही होता. कुणाला जुलाब झाले, कुणाच्या पायात काटा मोडला, की साळोजी. म्हणजे सुपारी फोडून देणारा तोच, आणि नाडी बघणाराही तोच. त्यामुळे रोग्याला कुठे लांब जावं लागत नसे.

हुपाजीला एक खोड होती. दुपारी उन्हं तापली की त्याच्या डोळ्यांवर झापड यायची. एकदा तो फांदीवर बसल्या बसल्या पेंगताना दिसला. सगळे धास्तावले. राखणदारच झोपला तर मग राहिलं काय?

रानाचा कारभार एका म्हाताऱ्या गव्याकडे होता. त्याला सगळे गवापाटील म्हणत. अंगाने डोंगराएवढा, चालला की जमीन सांगायची. त्याने साळोजीला विचारलं, यावर काही औषध आहे का. साळोजीने सुपारीचं एक खांड हुपाजीच्या हातावर ठेवलं आणि म्हणाला, हे गालात धरा.

हुपाजीने धरलं. थोड्या वेळात त्याचे कान गरम झाले. अंगाला घाम सुटला. डोळे टक्क उघडले, आणि असे उघडले की चार दऱ्यांपलीकडची मुंगी दिसावी. झोप कुठल्या कुठे पळाली.

औषध लागू पडलं, यात खोटं काही नाही. लागू पडलं नसतं तर गोष्ट इथेच संपली असती आणि तुम्ही झोपला असता.

त्या दिवसापासून रानात एक चाल पडली. राखणदाराला भेटायला जायचं तर रिकाम्या हाताने जायचं नाही. सुपारीचं एक खांड न्यायचं. आणि पुढे केलेलं खांड नाकारायचं नाही, तो देणाऱ्याचा अपमान. सांबर आलं, एक खांड. रानडुक्कर आलं, एक खांड. ससे आले ते दहा जण आले. नेता नेता कुणी कुणी अधूनमधून स्वतःच्या गालातही एखादं धरू लागलं.

हुपाजी कुणाचाच अपमान करणारा नव्हता.

एका दुपारी त्याला सात पाहुणे आले. सातवं खांड गालात गेलं आणि हुपाजीचं काळीज उडालं. धड्, धड्, धड्, उखळात मुसळ पडावं तसं. कानशिलं तापली, तळहात ओले झाले, अंगावरचे केस उभे राहिले.

आईचे शब्द त्याला आठवले. आधी ओरडावं, मग बघावं.

तो ओरडला. खक्, खक्.

सगळं रान उधळलं. सांबरं कड्याला गेली, डुकरं चिखलात शिरली, ससे बिळं चुकून एकमेकांच्या घरात घुसले. मग हुपाजीने बघितलं. बिबट्या कुठेच नव्हता. तो ओढ्याकाठी बेडकाची वाट बघत बसला होता आणि हे सगळे कशाला पळतायत ते त्यालाही कळेना.

सगळे परत आले. पाटील म्हणाला, झोपण्यापेक्षा हे बरं. राखणदार सावध आहे. आणि सावध असल्याबद्दल प्रत्येकाने हुपाजीला एकेक खांड दिलं.

दुसऱ्या दिवशी हुपाजी तीनदा ओरडला.

भेकरांत एक गोजा होती. ती त्या वेळी नुकती व्यालेली होती. तिचं पाडस चार दिवसांचं, पाय काडीसारखे, उभं राहिलं की आपल्यालाच भीती वाटावी. पहिल्या ओरडण्याला ते आईच्या मागे धावलं. दुसऱ्याला धावताना पडलं. तिसऱ्याला त्याचा पुढचा पाय खेकड्याच्या बिळात गेला आणि मुरगळला. रात्री तो सुजून दुप्पट झाला.

आता गोजापुढे पेच आला. पाडसाला पुन्हा पळवलं तर पाय कायमचा जाणार. पाय गेला तर रानात जीव गेला, याला काही वेळ लागत नाही. आणि नाही पळवलं, आणि त्या दिवशी नेमका बिबट्या खरा असला तर?

हुपाजी ओरडला की ते खरं की खोटं, एवढंच तिला कळायला हवं होतं. बाकी तिचं काही मागणं नव्हतं.

आणखी एक गोष्ट झाली होती, ती तिच्याशिवाय कुणी बघितली नव्हती. प्रत्येक पळापळीनंतर कुणी ना कुणी मागे पडायचं. कुणी दमून, कुणी धडपडून. पहिल्यांदा एक म्हातारं सांबर पडलं. बिबट्या तिकडून सहज चालला होता, त्याला ते सापडलं. त्याने इकडे तिकडे पाहिलं. कुणी हाकलत नव्हतं. मग त्याने ते खाल्लं.

त्यानंतर त्याने बेडूक खाणं सोडलं.

गोजा पाटलाकडे गेली. तिने सगळं सांगितलं. पाटलाने सभा बोलावली. ऐनाखाली सगळं रान जमलं. हुपाजीला खाली बोलावलं. बिचारा कावराबावरा झाला होता. तो शपथेवर म्हणाला, मी खोटं ओरडत नाही, माझं काळीज खरंच उडतं. आणि ते खरंच होतं.

साळोजीने त्याला तपासलं. काटे मिटून घेतले, छातीला कान लावला. बराच वेळ ऐकलं. मग हुपाजीला हात पुढे करायला सांगितलं आणि त्याच्या बोटांवर आपट्याचं एक पान ठेवलं. वारा पडलेला होता. पान थरथरत होतं.

साळोजी वैद्य म्हणून खोटा नव्हता. तो म्हणाला, "काळीज दौडतंय, घाम येतोय, नसा थरथरतायत. बिबट्या आल्यावर अंगात जे जे होतं ते सगळं होतंय, फक्त बिबट्या तेवढा नाही. याचं कारण सुपारी."

सभेतल्या गालांतली खांडं जागच्या जागी थांबली.

मग पाटलाने घसा खाकरला आणि विचारलं, "कोणती?"

साळोजीने पाटलाकडे बघितलं. मग सभेकडे बघितलं. तिथे बसलेल्या निम्म्या जणांना सकाळी त्यानेच फोडून दिली होती.

"कालची," तो म्हणाला. "ओली होती. लागली."

सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. एवढंच होय! सुपारी लागते कधीमधी, कुणाला लागली नाही? घोटभर पाणी प्यावं, मधाचं बोट चाटावं, आणि दुसरी चांगली बघून घ्यावी. लागते ती ती एक सुपारी. त्यासाठी सुपारीच्या अख्ख्या जातीला नाव ठेवायचं म्हणजे एक आंबा आंबट निघाला म्हणून आमराई तोडण्यासारखं आहे.

साळोजीने तिथल्या तिथे एक वाळलेली सुपारी फोडून हुपाजीला दिली.

गोजा खाली बसली नाही. ती म्हणाली, पंधरा दिवस याला सुपारी देऊ नका. काय होतं ते बघू. माझ्या पाडसाच्या पायाला तेवढेच दिवस हवेत.

पाटलाला ते रुचलं नाही, पण पाडसाचा पाय सगळ्यांसमोर सुजलेला होता. कबूल झालं.

पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशी हुपाजीचं डोकं ठणकायला लागलं. तिसऱ्या दिवशी जांभया. चौथ्या दिवशी तो कुणाशी धड बोलेना. शेजारच्या फांदीवर एक ककणेर, म्हणजे मोठ्या चोचीचा धनेश पक्षी, आपल्या बायकोला फळ भरवत होता, तर हुपाजीने त्याला फांदी मोडून मारली, का तर म्हणे फळ चावल्याचा आवाज येतो. बोटं नुसती चाळवाचाळव करायची. काहीतरी सोलल्यासारखी. हातात काही नसताना सोलायची.

गोजा रोज झाडाखाली जाऊन त्याला धीर द्यायची. म्हणायची, भावोजी, आणखी थोडे दिवस. हे उतरेल. तुमचं काळीज पुन्हा तुमचं होईल. हुपाजी मान हलवायचा. त्यालाही व्हायला हवं होतं. तो काही वाईट नव्हता.

सहाव्या दिवशी दुपारी त्याला झोप लागली. गाढ. आणि बिबट्या ऐनाखालून चालत गेला. त्याने कुणाला काही केलं नाही, त्याचं पोट आदल्या दिवशीच भरलं होतं. तो पाणी प्यायला चालला होता, पाणी पिऊन परत गेला. पण सगळ्यांनी पाहिलं.

झालं. सगळे पाटलाकडे धावले, पुन्हा सभा भरली. बघा, सुपारी सोडली आणि राखणदार झोपला. सुपारी होती तेव्हा निदान ओरडत तरी होता.

सुपारी सोडल्यावर डोकं दुखलं म्हणजे सुपारीनेच दुखणं लावलं, असं गोजा म्हणाली. सुपारी घेतली की डोकं दुखायचं थांबेल म्हणजे सुपारीच औषध, असं बाकीचे म्हणाले. मोजायला गेलं तर बाकीचे जास्त होते.

हुपाजीला सभेतच खांड दिलं गेलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने गोजाकडे बघितलं नाही.

पण ओरडण्याचा प्रश्न राहिलाच. दिवसातून पाच वेळा पळायचं म्हणजे चरायचं कधी? तेव्हा गवापाटलाला एक युक्ती सुचली. मोठ्यांना युक्ती सुचली की लहानांनी जरा लांब उभं राहावं.

पाटील म्हणाला, हुपाजीचं काळीज धडधडतं आणि आपलं धडधडत नाही, म्हणून आपण घाबरतो. सगळ्यांचीच धडधडली तर घाबरायचं कारण काय? तेव्हा आजपासून सगळ्यांनी हुपाजीएवढी खायची. धडधड कशी असते ते प्रत्येकाला ओळखीचं होईल. मग हुपाजी ओरडला तरी आपल्याला कळेल की ही ती आपलीच धडधड, आणि कुणी पळणार नाही.

ठराव एकमताने झाला. गोजाचं मत धरलं नाही, कारण तिने पुढे केलेलं खांड घेतलं नव्हतं. अंगावर पिणारं लेकरू आहे, माझं रक्त तेच त्याचं दूध, असं ती म्हणाली. बाया म्हणाल्या, आम्हाला नव्हती का पोरं? एवढा काय तो तोरा.

महिन्याभरात रानाचा नूर पालटला. दुपारी कुणी झोपेना. सशांचे कान वाऱ्याविना हलू लागले. ककणेर स्वतःच्या ढोलीसमोर उभा राहून आपली ढोली कुठली ते विचारायचा. डुकरांची एकमेकांशी भांडणं लागायची आणि भांडण कशावरून ते दोन्ही बाजूंना आठवायचं नाही. ज्याला त्याला आपण फार हुशार झालो असं वाटत होतं, कारण सगळ्यांचे डोळे उघडे होते.

पाटलाचं काळीज मोठं, त्यामुळे त्याचं दुखणंही मोठं. चार ठोके नीट पडायचे आणि पाचवा गिळला जायचा. मग एकदम दोन यायचे. साळोजीने कान लावून ऐकलं. जात्यात खडा आल्यावर जसं अडतं आणि मग गर्रकन फिरतं, तसं आत चाललं होतं. साळोजीचा चेहरा उतरला. खरं सांगावं असं त्याच्या ओठांवर आलं होतं. पण ओठांमागे खांड होतं.

त्याने पाटलाला कच्ची बंद केली आणि भाजकी सुरू केली.

छाती फारच उडाली तर उपाय सगळ्यांना पाठ होता. घोटभर पाणी. पाणी ओढ्यावर. ओढ्याकाठी बिबट्या. जे पाणी प्यायला जायचे त्यांतला एखादा परत यायचा नाही. तो कुठे गेला असं कुणी विचारलं तर म्हणायचे, घाईत असेल. हल्ली सगळेच घाईत असतात.

बिबट्याच्या फासळ्या आता दिसत नव्हत्या. त्याची कांती अशी झाली होती की ऊन घसरावं.

गोजाच्या पाडसाच्या पायाची सूज हळूहळू उतरत होती. पळापळ थांबली होती, एवढं मात्र पाटलाच्या युक्तीने झालं. पाडस तीन पायांवर चालायचं, चौथा नुसता टेकायचा. गोजाने करवंदीच्या एका जाळीत त्याला जागा केली होती. जाळी काटेरी, आत शिरायला एकच भोक, तेही पाडसाएवढंच. पण चरायला बाहेर काढावंच लागायचं.

आणि मग तो दिवस आला.

दुपार होती. सगळे ऐनाच्या सावलीत होते. कुणी चरत नव्हतं, सगळे चघळत होते. गोजा थोडी बाजूला होती, पाडस तिच्या पोटाखाली. एकाएकी तिचं काळीज उडालं. एकदाच, पण असं की पाय आपसूक ताठ झाले.

तिने मान वर केली. समोरच्या गवतातून बिबट्या येत होता. दबकत नव्हता. सावकाश, शेपूट हलवत, लग्नाला आल्यासारखा.

गोजा भुंकली. भेकराचं भुंकणं तुम्ही ऐकलं नसेल. कुत्र्यासारखं असतं, पण त्यात जीव असतो.

सगळ्यांनी माना वळवल्या. कुणी उठलं नाही.

"गोजाबाई, सुपारी लागली तुम्हाला," गवापाटील म्हणाला. "पाणी प्या."

"मी खात नाही, पाटील."

"तेच. सवय नाही ना."

सशांनी आपापल्या छातीवर हात ठेवून पाहिले. धडधड होती. पण ती काल होती, परवाही होती. एक ससा म्हणाला, माझी तर सकाळपासून आहे. दुसरा म्हणाला, माझी संक्रांतीपासून. तिथे कुणाची जास्त यावरून बोलणं सुरू झालं.

बाळांनो, याच रानाने आधी सुपारीला बिबट्या समजून पाय मोडून घेतले होते. आता बिबट्या समोर आला तर त्याला सुपारी समजून बसून राहिले. चूक तीच होती, फक्त उलट बाजूने घातलेली.

गोजाने वर बघितलं. शेंड्याला हुपाजी होता. तिने हाक मारली, "भावोजी, तुम्ही तरी बघा."

हुपाजीने बघितलं. खरंच बघितलं. त्याला ठिपके दिसले, मिशा दिसल्या, शेपटीचं टोक दिसलं. डोळे सांगत होते, हा बिबट्या.

पण डोळ्याची चूक होते. आईने सांगितलं होतं. म्हणून त्याने काळजावर हात ठेवला. काळीज धडधडत होतं, पण ते पहाटेही असंच धडधडत होतं, त्यात नवीन काही नव्हतं.

"काही नाही, वहिनी," तो वरून म्हणाला. "काळीज काही वेगळं सांगत नाही."

आणि त्याने गालातलं खांड दुसऱ्या गालात घेतलं.

गोजा पुढे थांबली नाही. तिने नाकाने पाडसाला ढकललं. ते पडलं, तिने पुन्हा ढकललं. तीन पायांवर, कुल्ले वर करून, ते करवंदीच्या भोकातून आत गेलं. गोजा जाळीच्या पलीकडून वळसा घालून उतारावर उभी राहिली, बिबट्याला आपण दिसावं अशी.

बिबट्याने तिच्याकडे बघितलंही नाही. धावायला लावणारं खाणं त्याने केव्हाच सोडलं होतं. तो बसलेल्यांच्या मधून चालत आला, सशांना ओलांडून, पाटलाच्या शिंगाला अंग घासून. ऐनाखाली थांबला, वर बघितलं आणि चढायला लागला.

अर्ध्यावर आल्यावर हुपाजीला नखांचा आवाज आला. काळीज चुकतं, नखं चुकत नाहीत. हुपाजीने शेजारच्या झाडावर उडी घेतली. ही उडी त्याने जन्मात हजार वेळा घेतली होती. आईच्या पोटाला चिकटून असतानाही घेतली होती.

फांदी होती तिथेच होती. हात घामाने ओला होता आणि बोटं थरथरत होती. चार बोटांनी उडी चुकली.

तो खाली पडला. बिबट्या घाई न करता उतरला.

संध्याकाळ व्हायच्या आत शोकसभा झाली. क्षणभर गप्प राहायचं ठरलं, पण करकर ऐकू येतच राहिली. पाटलाने हुपाजीचे गुण सांगितले. सगळ्यांचा मान ठेवणारा होता. कुणाचं खांड त्याने कधी परत केलं नाही. साळोजीने मरणाचं कारण सांगितलं. वाईट सुपारी निघाली, असं तो म्हणाला आणि मान खाली घालून दुसरी फोडायला लागला.

मग नवा राखणदार निवडायचा होता. झालं त्यातून रानाने धडा घेतला नाही, असं म्हणता येणार नाही. ठरलं की यापुढे राखणदार सुपारी न खाणाराच हवा. काळीज शांत हवं. हात स्थिर हवा.

असे अख्ख्या रानात दोघंच निघाले. एक गोजा. दुसरा बिबट्या.

बिबट्या सभेला आला होता. मयताला सगळ्यांनी यावं अशी रीत आहे. तो एका कडेला बसून दात कोरत होता. पाटलाने त्याला त्याचं म्हणणं विचारलं.

"मी काय बोलणार?" बिबट्या म्हणाला. "मी किती दिवसांत कुणाच्या मागे धावलो नाही. पडलेलं तेवढं उचलतो. रान स्वच्छ राहतं."

यात कुणालाच खोटं सापडेना.

साळोजीने जीव मुठीत धरून त्याच्या छातीला कान लावला. आत ठोके पडत होते, धिमे, सारखे, शहाण्या बाईने भात कांडावा तसे. साळोजी कान काढायला विसरला. असं निरोगी काळीज त्याने कित्येक दिवसांत ऐकलं नव्हतं.

रीतीप्रमाणे बिबट्यापुढे खांड केलं. त्याने पंजाने बाजूला सारलं. सगळे म्हणाले, काय संयम आहे.

गोजा पुढे आली. ती पाटलाच्या तोंडासमोर उभी राहिली. "पाटील, तो बिबट्या आहे."

पाटलाने उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण मध्येच थांबला. चार ठोके झाले होते, पाचवा येत नव्हता. त्याने वाट पाहिली. आला. मग तो म्हणाला, "असू दे. बिबट्या कुठून येतो हे बिबट्याइतकं कुणाला ठाऊक असणार? आणि तुम्हाला लेकरू आहे गोजाबाई, तुम्हाला झाडावर चढता येत नाही."

हेही खोटं नव्हतं.

गोजाने पुढे वाद घातला नाही. ती जाळीकडे गेली, पाडसाला बाहेर काढलं आणि ओढ्याच्या दिशेने चालू लागली. नवा राखणदार ऐनाच्या खालच्या फांदीवर पसरला होता. त्याला ती दिसली. त्याला सगळंच दिसत होतं. पण आज त्याचं पोट भरलेलं होतं. उद्याचं कुणी सांगावं, म्हणून ती आजच निघाली होती.

पाणी गुडघाभर होतं. पाडस मध्येच अडलं, तिने त्याला पाठीमागून रेटा दिला. पलीकडचा चढ दगडांचा होता. तो चढायला त्यांना अंधार पडेपर्यंत वेळ लागला.

त्यानंतर त्या रानात एकदाही खोटी आरोळी झाली नाही. खरीही झाली नाही. इतका शांत कारभार कुणी पाहिला नव्हता.

पलीकडच्या रानात पोफळी नव्हत्या. ऐनही नव्हता, राखणदार नव्हता, ओळखीचं कुणी नव्हतं. दुसऱ्या दिवशी गोजा चरत होती, तर पायाजवळून एक लावा फडफडत उडाला. तिचं काळीज धडधडलं. तिने मान वर करून बघितलं. लावाच होता. पाडस चौथा पाय टेकवून उभं होतं.

ती तशीच थोडा वेळ उभी राहिली. मग काळीज थांबलं. म्हणजे बंद नव्हे, शांत झालं, जसं व्हायला हवं तसं. तिने खाली मान घातली आणि पाला खाऊ लागली.

तात्पर्य : छाती धडधडली तर मुळीच घाबरू नये, आधी शेजाऱ्याच्या छातीला हात लावून बघावा. त्याचीही धडधडत असेल तर समजावं की आपण निरोगी आहोत. एखाद्याची धडधडत नसेल, तर त्याला ताबडतोब राखणदार नेमावं.

आणि सुपारी कधीच वाईट नसते, हेही लक्षात ठेवा. वाईट असते ती मघाची. आता पुढे केलेली चांगली आहे.

झोपा आता.